जुन्या एमएक्स-५ चं कूलंट बदलायचंय, सोबत प्रकारही बदलावा का? (ठाणे)

पॉपअप_दिवे | शनिवार, रात्री

माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १९९२ ची, १६०० सीसी. धाकटे काका सिंगापूरहून कायमचे परतले तेव्हा सोबत आणली होती. आता ते पुण्याला आणि गाडी माझ्याकडे, घोडबंदर रोडला कासारवडवलीत. रविवारी पहाटे गायमुखच्या घाटापर्यंत जाते, एरवी स्टिल्टमध्ये झाकलेली.

आत हिरवं कूलंट आहे. कोणत्या कंपनीचं, कधी भरलं, कसलीच नोंद नाही. बाहेरच्या बाटलीत त्याचा रंग शेवाळी झालाय आणि तळाला पिवळट चिखल बसलाय. मला लाल किंवा गुलाबी 'लाँग लाइफ' घालायचंय, म्हणजे पाच वर्षं तरी डोक्याला ताप नको. गॅरेजवाला म्हणतो, खालून सोडू, वरून लाल ओतू, अर्ध्या तासाचं काम. इंटरनेटवर बघावं तर लाल-हिरवं एकत्र आलं की जेली होते, इंजिन बसतं, अशी भुताखेतांची वर्णनं.

जाणकारांनी सांगा: जुन्या गाडीत प्रकार बदलावा का? बदलायचाच तर आधीचं किती निपटून काढायचं?

अवांतर: उन्हाळ्यात कापूरबावडीच्या जॅममध्ये अडकलो तेव्हा काटा मध्याच्या वर चढला होता. पंखा चालू होता.

रोड_नंबर_१६ | शनिवार, रात्री

हिरवंच भरा आणि झोपा.

ही गाडी १९८९ ला शिकागोच्या शोमध्ये जगानं पाहिली. तेव्हा बाजारात हिरवंच होतं आणि त्यावर या गाड्या लाख-लाख किलोमीटर गेल्यात. दर दोन वर्षांनी बदलायचं, बस. सहा लिटरचा तर मामला, घरच्यांना एकदा हॉटेलात नेलंत तरी जास्त पैसे जातील. आणि जुन्या गाडीचं बॉनेट पाच वर्षं न उघडायची सोय तुम्हाला हवीय कशाला? लाँग लाइफ नव्या गाडीवाल्यांसाठी, ज्यांना डिपस्टिक कुठे असते हेसुद्धा माहीत नसतं.

रसायनी | रविवार, सकाळ

कूलंटच्या धंद्यात मी नाही, पण नोकरीची बरीच वर्षं गंजरोधकांत गेली. आधी तळोजा, मग महापे. जमेल तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, रंगावरून काहीही ठरवू नका. तो नुसता डाय असतो, आणि कोणत्या रसायनाला कोणता रंग द्यायचा याचा जगात कुठेही नियम नाही. जुनं पारंपरिक हिरवं दोन वर्षांचं. माझदाचं स्वतःचं एफएल-२२, जे २००८ च्या आसपासपासून त्यांच्या नव्या गाड्यांत येऊ लागलं, तेही हिरवंच, पण दीर्घायुषी. होंडाचं निळं आणि टोयोटाचं गुलाबी आतून एकाच कुळातली. म्हणजे 'हिरवं काढून लाल' या वाक्याला रसायनाच्या दृष्टीनं काही अर्थच नाही. कशातून कशात जाताय ते आधी ठरवा.

ग्लायकॉल (कूलंटचा मूळ द्रव) आणि पाणी सगळ्यांत तेच. फरक आहे तो थोड्याशा टक्क्यांत असलेल्या गंजरोधकांत. जुन्या पद्धतीत सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट असे अजैविक क्षार असतात. धातूवर झटपट थर चढतो, पण ते खर्ची पडत जातात, म्हणून आयुष्य दोन वर्षांचं. ओएटीमध्ये (ऑरगॅनिक ॲसिड टेक्नॉलॉजी, 'लाँग लाइफ'चा एक प्रकार) सेंद्रिय आम्लांचे क्षार. जिथे गंज धरू लागतो तिथेच ते काम करतात आणि हळूहळू खर्च होतात, म्हणून पाच वर्षं. मात्र जम बसवायलाही त्यांना वेळ लागतो. हायब्रीडमध्ये दोन्हींची सांगड घातलेली.

हायब्रीडमध्येही दोन घराणी आहेत. युरोपवाले सिलिकेट घालतात आणि फॉस्फेट टाळतात, कारण त्यांच्याकडे पाणी जड, आणि कॅल्शियमशी फॉस्फेटची गाठ पडली की आत पापुद्रे धरतात. जपान्यांचं नेमकं उलटं: फॉस्फेट हवं, सिलिकेट नको, कारण सिलिकेटनं वॉटर पंपाच्या सीलची झीज होते असं त्यांचं म्हणणं. तुमची गाडी जपानी आहे, हे लक्षात ठेवा.

आता जेली. दोन प्रकार एकत्र आले की लगेच जेली होते असं नाही. बहुतेक वेळा घडतं ते इतकंच की दोन्हीकडचे रोधक पातळ होतात आणि पाच वर्षांचं कूलंट दोन वर्षांचं होऊन बसतं. सिलिकेट भरपूर असेल आणि पीएच बिघडला तर ते गोळा होऊन बाहेर पडू शकतं. खरी जेली ती, आणि ती पांढरट-हिरवट दिसते, पिवळी नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी माझेच दोन प्रश्न. रेडिएटर मूळचा आहे की बदललेला? आणि वरून टॉप-अप कसल्या पाण्यानं व्हायचं?

बेलापूरची_बया | रविवार, सकाळ

माझी काही स्पोर्ट्स कार नाही, पण ती स्वतःला तसंच समजते: ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो.

रसायनी म्हणतात ते खरं, पण काही जोड्या खरोखरच वाईट असतात. फोक्सवागनचं आधी निळसर-हिरवं जी-११ होतं, नव्वदच्या दशकात लाल जी-१२ आलं. ही दोन एकत्र आली की पाणी तपकिरी होतं आणि गाळ धरतो, हे कंपनीनंच सांगून ठेवलंय. पुढे दोन्हींशी जमवून घेणारं जांभळं जी-१२ प्लस काढावं लागलं. मी गाडी एका गॅरेजला दिली होती (नाव नको), त्यांनी लालवर निळं ओतलं. इंजिनाला काहीच जाणवलं नाही. पावसात लोणावळ्याला काचेवरचं धुकं घालवायला हीटर लावला तर थंडगार वारा. हीटरची जाळी चोंदली होती, आणि ती बदलायची म्हणजे सगळा डॅशबोर्ड खाली उतरवायचा.

तेव्हा अर्ध्या तासाचं काम नाही हे. ज्यानं असं सांगितलं त्याच्याकडे नेऊच नका.

धावतं_वारं | रविवार, दुपार

एवढी डोकेफोड कशाला? बिनपाण्याचं कूलंट मिळतं आता. उकळबिंदू १८० अंशांच्या पुढे, पाणीच नाही म्हणून गंज नाही, प्रेशर जवळपास नाही, जुन्या होजना आराम. एकदा भरलं की विषय संपला.

रसायनी | रविवार, दुपार

@धावतं_वारं, गंजाचं खरं आहे. पण उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. शुद्ध पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८, निम्म्या ग्लायकॉलच्या मिश्रणाची साडेतीनच्या आसपास, आणि नुसत्या ग्लायकॉलची त्याहून बरीच कमी. त्यामुळे तेच इंजिन, तोच रेडिएटर, पण धातू जास्त तापलेला राहतो. 'उकळत नाही' आणि 'तापत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी. वर ते घालायचं तर आतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढावं लागतं. आणि कसारा घाटात होज फुटली तर टॉप-अप कशानं करणार? तिथे हॉटेलवाला पाण्याचीच बाटली देणार.

आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, म्हणून निम्मं ग्लायकॉलही गरजेचं नाही. मात्र ३०-३३ टक्क्यांच्या खाली गेलात तर रोधक अपुरे पडतात. ठाण्यासाठी मी ४० वर थांबेन. उकळण्याची काळजी मिश्रणापेक्षा रेडिएटरच्या झाकणाची करा. ०.९ बारचं धड झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं असेल तर महागडं कूलंटही बाटलीतून बाहेर.

पॉपअप_दिवे | रविवार, संध्याकाळ

बरंच शिकायला मिळालं, आभार. रसायनी, तुमच्या प्रश्नांची उत्तरं:

रेडिएटर मूळचा नसावा. वरची टाकी पितळेची वाटते, काळा रंग मारलाय, कडेनं डाख दिलेला दिसतो. काकांना फोन केला. ते म्हणाले, मूळच्या रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची होती, तिला चीर गेली. नवीन मागवायला महिने लागले असते म्हणून ठाण्यातच एका रेडिएटरवाल्याकडून मापानं बनवून घेतला.

पाणी? "जे मिळेल ते." म्हणजे सोसायटीचं. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर.

रोड_नंबर_१६ | रविवार, संध्याकाळ

या गाडीच्या प्लास्टिक टाकीची ती जुनी खोड. काळी असते तोवर ठीक, तपकिरी पडू लागली की दिवस भरले समजायचे. काकांनी केलं ते बरोबरच केलं. तांब्या-पितळेचा रेडिएटर आपला माणूस खोलतो, रॉडिंग करतो (नळ्यांत सळी घालून गाळ काढतो), पुन्हा डाख देतो. ॲल्युमिनियमचा फुटला की थेट भंगारात.

आता माझं ऐका. गाडी तापते म्हणता ना? आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) आत आहे का ते बघा. आपल्याकडे गाडी तापली की पहिला बळी त्याचाच जातो. "व्हॉल्व्ह काढून टाकला साहेब, आता टेन्शन नाही." पंखा डायरेक्ट केलाय का तेही बघा. चावी फिरवल्या फिरवल्या पंखा सुरू होत असेल तर केलाय. या गाडीत तो ९७ अंशांच्या आसपास आपणहून लागायला हवा.

रसायनी | रविवार, रात्री

पितळेचा रेडिएटर म्हणजे उत्तर बदललं.

तुमच्याकडे आता ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, तांबं, पितळ आणि शिशाचं सोल्डर, सगळं एकाच पाण्यात आहे. कूलंट तपासायची एक जुनी प्रमाणित चाचणी आहे, एएसटीएम डी-१३८४. तांबं, सोल्डर, पितळ, पोलाद, ओतीव लोखंड आणि ॲल्युमिनियम अशा सहा धातूंच्या पट्ट्या ८८ अंशांच्या द्रावणात ३३६ तास ठेवायच्या, हवा फुंकत राहायची आणि शेवटी प्रत्येकीचं वजन किती घटलं ते मोजायचं. यात सोल्डर मुद्दाम ठेवलंय, कारण सगळीच कूलंट त्याच्याशी गोडीनं वागत नाहीत. निव्वळ ओएटीची ख्याती इथेच कच्ची. ॲल्युमिनियम छान सांभाळतं, पण शिशाच्या जुन्या डाखाला ते सहसा सुचवत नाहीत.

त्यात तुमची गाडी आठवडाभर उभी असते. जनरल मोटर्सनं १९९५-९६ पासून नारिंगी डेक्स-कूल आणलं, तेही ओएटीच, त्याच्या चिखलाच्या तक्रारी पुढे कोर्टापर्यंत गेल्या. त्यात पातळी खाली गेलेल्या आणि हवा शिरलेल्या गाड्यांचा भरणा होता. पातळी राखली तर ते कूलंट वाईट नाही. पण उभ्या राहणाऱ्या, किंचित झिरपणाऱ्या जुन्या गाडीत मी ते घालणार नाही.

म्हणून माझं मत: निव्वळ ओएटी नको. एक तर रोड_नंबर_१६ म्हणतात तसं साधं हिरवं, दोन वर्षांनी न चुकता. किंवा जपानी पद्धतीचं, फॉस्फेट असलेलं, सिलिकेट नसलेलं हायब्रीड, पण लेबलवर सोल्डर-पितळेला चालतं असं असेल तरच. रंग कोणताही.

तुर्भेकर | रविवार, रात्री

लेबलवरून आठवलं. 'रेडी टू यूज' लिहिलेला हिरवा कॅन उचलताना आत ग्लायकॉल किती टक्के आहे ते शोधा. लिहिलंच नसेल तर ठेवून द्या. आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी-३३०६ या मानकांपैकी एक तरी क्रमांक डब्यावर हवा. रंगीत पाणी विकणारे कमी नाहीत. आणि शक्यतो कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) घ्या, का ते रसायनी सांगतीलच.

पॉपअप_दिवे | पुढचा शनिवार

प्रगती. रेडिएटरचा खालचा नळ सोडला. पाणी चहासारखं, शेवटी शेवटी पिवळट गाळाच्या गुठळ्या. वरच्या होजचं तोंड सोडवून हाउसिंग उघडलं: थर्मोस्टॅट नाही! रोड_नंबर_१६, साष्टांग. पंखा मात्र डायरेक्ट नाही, आपणहून लागतो.

गाळ बाटलीत भरून ठेवलाय. बोटांवर चोळला तर पिठूळ लागतो, तेलकट नाही. ही जेली आहे का? की हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) जाऊन तेल मिसळलंय? घाबरलोय.

बेलापूरची_बया | शनिवार

तेलकट नाही ना, मग गॅस्केटचं तूर्त विसरा. तेल मिसळलं की दुधाळ कॉफीसारखं होतं आणि हाताला चिकटतं. ऑइल फिलरच्या झाकणाखाली बघा, तिथे पांढरी साय नसेल तर आणखी बरं.

रसायनी | शनिवार

लोखंडाचा गंज असेल तर तांबूस-तपकिरी, जड आणि लगेच तळाशी बसणारा. फॉस्फेटचा किंवा चुन्याचा पापुद्रा व्हिनेगरमध्ये विरघळतो, चुन्याचा असेल तर बुडबुडेही येतात. सिलिकेटची जेली पारदर्शकतेकडे झुकते. पिवळा आणि पिठूळ म्हणजे... काकांना विचारा, रेडिएटर कधी गळत होता का?

रोड_नंबर_१६ | शनिवार

हळद!!

पॉपअप_दिवे | शनिवार, रात्री

काकांनी फोनवर आधी विषय टाळला. मग काकूंनी मागून ओरडून सांगितलं. नाशिकहून परत येताना कसारा घाटाच्या वर रेडिएटर झिरपायला लागला, तेव्हा ढाबेवाल्याकडून वाटीभर हळद घेऊन आत ओतली होती. गळती थांबली म्हणून पुन्हा कोणी बघितलंच नाही. दोन-तीन वर्षं झाली असतील म्हणे.

रसायनी | शनिवार, रात्री

खात्री करून घ्यायची तर शाळेतला प्रयोग करा. हळदीचा पिवळा रंग गरम, अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही, त्यामुळे चुना टाकून लाल होतंय का ते बघण्यात अर्थ नाही. पण हळदीत स्टार्च भरपूर असतो, तो फुगून भेगेत बसतो म्हणूनच गळती थांबते. गाळ दोन-तीनदा धुवा, थोडं व्हिनेगर घालून अल्कधर्मीपणा घालवा, मग आयोडीनचा एक थेंब टाका. काळा-निळा झाला तर स्टार्च.

पॉपअप_दिवे | रविवार, सकाळ

काळाभोर. मुलीनं तिच्या विज्ञानाच्या वहीत नोंद केलीय.

धावतं_वारं | रविवार, सकाळ

इंजिनात फोडणी 😂 आता मोहरी-हिंग तेवढं राहिलं.

रोड_नंबर_१६ | रविवार, सकाळ

हसू नका, त्या वाटीनं घरी पोचवलं त्यांना. पण घाट उतरल्यावर लगेच धुवायला हवं होतं. आता रेडिएटर उतरवून घेऊन जा, रॉडिंग करून घ्या. प्रेशर टेस्ट त्याच्या टाकीत स्वतः उभं राहून बघा, बुडबुडा कुठून येतो ते. हळद निघाली की जुनी भेग पुन्हा तोंड उघडणार, तिथे नवा डाख लागेल. गाडीतच फ्लशचं पावडर-ॲसिड फिरवायच्या भानगडीत पडू नका. त्यानं ॲल्युमिनियमच्या हेडची वाट लागते.

पॉपअप_दिवे | रविवार, दुपार

रेडिएटर दिला तर ब्लॉक कसा धुवायचा? त्यात हळद आणि जुनं कूलंट राहणारच. किती वेळा पाणी भरायचं-सोडायचं, काही हिशेब?

रसायनी | रविवार, रात्री

हिशेब आहे. तुमच्या गाडीत एकूण ६ लिटर. खालचा नळ सोडला की सगळं येत नाही, ब्लॉक आणि हीटरमधलं राहतं. जे बाहेर आलं ते मोजा. समजा ३.६ लिटर निघालं, तर आत २.४ राहिलं, म्हणजे ४० टक्के. पाणी भरून, फिरवून पुन्हा सोडलं की जुन्याचा अंश १६ टक्के. आणखी एकदा, ६.४. आणखी एकदा, अडीचच्या आसपास. इथे थांबायला हरकत नाही. ब्लॉकचा ड्रेन बोल्ट हाताशी लागला तर फेऱ्या कमी होतील, पण तीस वर्षांचा बोल्ट आहे, जबरदस्ती करू नका.

प्रत्येक फेरीत हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. आपण मुंबईकर हीटर कधी लावतच नाही, त्यामुळे त्या जाळीत काय साचलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. ज्या गाड्यांत हीटरला व्हॉल्व्ह असतो त्यांत तो बंद राहिला तर तिथलं जुनं पाणी तसंच राहतं. तुमच्याकडे थर्मोस्टॅट नाहीच, म्हणजे धुताना सोय झाली. ज्यांच्याकडे आहे त्यांनी धुण्यापुरता काढावा किंवा तो उघडेपर्यंत इंजिन तापू द्यावं, नाहीतर पाणी अर्ध्या वाटेवरून परत.

पाणी: सुरुवातीच्या फेऱ्या नळाच्या पाण्यानं चालतील, शेवटच्या दोन बॅटरीच्या (डिस्टिल्ड) पाण्यानं. जपानी हायब्रीड घालणार असाल तर हे फार महत्त्वाचं. बोअरच्या टँकरचं जड पाणी आत राहिलं तर फॉस्फेट कॅल्शियमला धरून आतच बसेल. आमच्या नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, पण गाडीत तेही नको. आरओचंही नको, टीडीएस कमी झाला तरी क्लोराइड थोडं राहतं. एसीतून ठिबकणारं पाणी तर मुळीच नको. आणि नुसतं पाणी भरून गाडी आठवडाभर ठेवू नका, लोखंडाचा ब्लॉक आहे.

आता शेवटची भरणी, जिथे हमखास चुकतं. आत २.४ लिटर साधं पाणी शिल्लक आहे. त्यावर तुम्ही ५० टक्क्यांचं तयार मिश्रण ३.६ लिटर ओतलंत तर ग्लायकॉल १.८ लिटर, म्हणजे ६ लिटरमध्ये ३० टक्के. डब्यावर ५० लिहिलंय म्हणून तुम्ही निर्धास्त. म्हणून तुर्भेकर कॉन्सन्ट्रेट घ्या म्हणाले. ४० टक्के हवं तर आधी २.४ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, उरलेली जागा बॅटरीच्या पाण्यानं भरा.

खाडीपूल | रविवार, रात्री

इतका वेळ फक्त वाचत होतो. एक भर घालतो. या गाडीचं इंजिन मुळात माझदा ३२३ चं, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या (फ्रंट-व्हील ड्राइव्ह) गाडीसाठी आडवं बसवलेलं. तिथे पाणी हेडच्या एका टोकानं शिरून दुसऱ्या टोकानं निघायचं. एमएक्स-५ मध्ये उभं बसवताना मागे फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आली, म्हणून निघायची वाटही पुढेच आणली. परिणामी मागचा चार नंबरचा सिलिंडर जास्त तापतो. परदेशात लोक वाट मागून काढायचे किट लावतात, त्याला रीरूट म्हणतात. ट्रॅकवर पळवणार नसाल तर गरज नाही, पण आत गाळ राहिला तर सगळ्यात आधी त्रास कुणाला होईल ते लक्षात घ्या.

रोड_नंबर_१६ | सोमवार

बरोबर. आणि थर्मोस्टॅट नवा टाकाच. नसला की इंजिन मोकळ्या रस्त्यावर थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं, तेलातली वाफ जात नाही. बसवताना त्यावरची छोटी पिन वरच्या बाजूला, म्हणजे हवा निघायला वाट.

वॉटर पंपालाही हात लावून बघा, गळतीचा डाग आहे का. बदलायचा झाला तर टायमिंग बेल्टसोबत बदला, नाहीतर तीच मजुरी दोनदा.

पॉपअप_दिवे | दोन आठवड्यांनी

झालं एकदाचं.

रेडिएटरवाल्यानं रॉडिंग केलं, वरच्या टाकीच्या कोपऱ्यात जुनी भेग सापडली, डाख दिला. टेस्ट माझ्यासमोर केली. ब्लॉक पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला, हीटरमधून नंतरही बराच वेळ पिवळं येत राहिलं. खालचे दोन होज बोटानं दाबले तर कुरकुरत होते, तेही बदलले. नवा थर्मोस्टॅट, नवं झाकण.

भरलं जपानी पद्धतीचं, फॉस्फेटवालं, सिलिकेट नसलेलं, कॉन्सन्ट्रेट. पितळ-सोल्डरला चालतं असं डब्यावर स्पष्ट आहे. रंग लाल निघाला हा योगायोग. गाडीचं तोंड सोसायटीच्या रॅम्पवर वर करून, झाकण उघडं, हीटर गरमवर, वरचा होज दाबत-दाबत भरलं. बुडबुडे थांबायला वेळ लागला. थंड झाल्यावर पातळी खाली गेली, पुन्हा भरली.

काल संध्याकाळी मुद्दाम गर्दीच्या वेळी माजिवड्यापर्यंत जाऊन आलो, एसी लावून. काटा मध्याच्या खाली चिकटून. पंखा लागतो, बंद होतो, पुन्हा लागतो.

रोड_नंबर_१६ | त्याच दिवशी

काटा खाली आला तो थर्मोस्टॅट आणि रॉडिंगमुळे. हिरवं भरलं असतंत तरी आलाच असता. 🙂 दोन वर्षांनी भेटू.

रसायनी | त्याच दिवशी

काट्याबद्दलच्या म्हणण्याला माझी हरकत नाही. पाच वर्षं हा नव्या, स्वच्छ गाडीचा आकडा. तुमच्याकडे थोडं जुनं मिसळलेलं आहे, पितळ आहे, गाडी उभी असते. तुम्ही तीन वर्षं धरा, आणि दर पावसाळ्याआधी पीएचची पट्टी बुडवून बघा. साताच्या जवळ आला तर काढा.

बेलापूरची_बया | त्याच दिवशी

काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकलंत? सोसायटीच्या गटारात नसेल अशी आशा. इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात, थोडंसंही पुरतं. आणि ठाण्याची गटारं शेवटी खाडीत जातात, जिथे फ्लेमिंगो उतरतात.

पॉपअप_दिवे | त्याच दिवशी

कॅनमध्ये भरून ठेवलंय. आमच्या स्टिल्टमध्ये तीन कुत्री आहेत, त्यामुळे सांडलेलंही लगेच धुऊन काढलं. रेडिएटरवाला घेत नाही म्हणाला. कोणी घेतं का?

तुर्भेकर | दुसऱ्या दिवशी

मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुनं ऑइल-कूलंट वेगळं साठवतात आणि अधिकृत कंत्राटदार उचलून नेतो. ओळखीच्या सर्व्हिस ॲडव्हायझरला विचारा. कॅनवर काय आहे ते ठळक लिहून द्या, इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका. मिसळलं की तेही कोणी घेत नाही.

स्टॉर्मवाला | दुसऱ्या दिवशी

धागा वाचून धीर आला. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, गोव्यात बनलेली, फायबर बॉडी, आत रेनॉचं १२०० चं इंजिन. खारघरला असतो. आधीच्या मालकानं 'जपानी गुलाबी' भरलंय म्हणून सांगितलं, पण पाण्याचं प्रमाण किती ते कळायला मार्ग नाही. सगळं काढण्याआधी तपासता येईल का?

रसायनी | दुसऱ्या दिवशी

येईल. माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं उपकरण) आहे, गुरुवारनंतर बेलापूर स्टेशनला भेटून न्या. आधी बॅटरीच्या पाण्यानं शून्यावर लावा, मग थंड गाडीतला एक थेंब. आत दोन पट्ट्या दिसतील, इथिलिनची वाचा, प्रॉपिलिनची नाही. गोठणबिंदू उणे २४ अंशांच्या आसपास दाखवला तर ४० टक्के आहे, उणे १० च्या वरच राहिला तर कूलंट नावालाच. येताना नमुना पारदर्शक बाटलीत घेऊन या, गाळ असेल तर तोही.